मोटर लागली की रेडिओ जातो

"गेला काय गं?"

आमच्या पुण्याच्या घरात वर्षभर रोज सकाळी हा प्रश्न यायचा. विचारणारी आजी, आणि जाणारा रेडिओ. बाजारभाव चालू असायचे, हळदीचा क्विंटलचा दर सांगता सांगता निवेदक शब्दाच्या मध्येच थांबायचा. मग मिनिटभर शांतता. आजी हातातली भाजी निवडायची थांबायची आणि माझ्या खोलीच्या दिशेनं तोंड करून विचारायची, "गेला काय गं?" आजोबा गेले त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यातही तिनं बाबांना जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं. त्यामुळे हा प्रश्न आला की मला उगाचच घाईघाईनं उठावंसं वाटायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे दुसऱ्यांच्या सेवा बंद पडणार नाहीत हे बघणं. महिन्याला ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवायचं वचन आम्ही गिऱ्हाइकाला देतो, म्हणजे तीस दिवसांत मिळून ४३ मिनिटांपेक्षा जास्त बंद राहायचं नाही. त्यासाठी आळीपाळीनं रात्री जागतो. अशा बाईच्या घरात एक रेडिओ धड चालेना, हे मला लागलं होतं. आणि तो रेडिओ मीच बनवलेला होता.

आजीचं घर हरिपूरला. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे. हळदीच्या पेवांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेलं गाव. आमची हळद नव्हती, थोडा ऊस होता, तोही आता वाट्यानं दिलाय. पण हळदीचा दर आजीला रोज कळावा लागतो. "आपली नसली म्हणून काय झालं, गावाची आहे की," असं तिचं म्हणणं.

त्या घरात चामड्याच्या कव्हरातला एक ट्रान्झिस्टर होता. काटा १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सांगली केंद्रावर. तो काटा हलवायचा अधिकार फक्त आजोबांना. घड्याळ किल्लीचं होतं आणि दर रविवारी किल्ली दिली की बातम्यांच्या आधीच्या टूक-टूक ठोक्यांवर ते मिळवलं जायचं. २००५ च्या पुरात घरात खिडकीपर्यंत पाणी आलं. मी तेव्हा लहान होते, मला फक्त भिंतीवरची चिखलाची रेघ आठवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याहून वर आलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि दोन दिवस आजी-आजोबांचा फोन लागत नव्हता. ते शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर होते. लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. ट्रान्झिस्टर मात्र आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात अडकवून नेला होता. सेलवर चालायचा. पुणे केंद्राच्या सकाळच्या बातम्या त्यावर लागायच्या आणि त्या खोलीतली अकरा माणसं त्याभोवती बसून पाणी कुठवर चढलं ते ऐकायची, असं आजी सांगते.

आजोबा गेल्यावर बाबांनी तिला पुण्याला आणलं. ती दोन पिशव्या, घड्याळ आणि ट्रान्झिस्टर घेऊन आली.

ट्रान्झिस्टर इथे चालेना. तसं ते साहजिक होतं. सिंहगड रोडवरची सातव्या मजल्यावरची सदनिका, भोवती लोखंड आणि काँक्रीट, घरात दहा-बारा एलईडी दिवे, चार चार्जर, शेजारी लिफ्ट. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या आतली सर्किटं सतत उघडझाप करत असतात. त्यातून जो गोंगाट निघतो तो नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात घुसतो. शिवाय सांगली इथून दोनशे किलोमीटरच्या वर. काट्याच्या त्या जागेवर नुसती खरखर. आजी ट्रान्झिस्टर गॅलरीत नेऊन, आडवा-उभा धरून, कानाला लावून बसायची. सात-आठ दिवसांनी तिनं तो कव्हरात घालून कपाटात ठेवला आणि काही बोलली नाही.

मग मी रेडिओ बनवायला घेतला. आकाशवाणीच्या अ‍ॅपवर सांगली केंद्र होतंच, पण आजीला मोबाइलच्या पडद्याचा राग आहे. मी एक रास्पबेरी पाय घेतला, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढा छोटा संगणक. त्याला स्पीकर जोडला आणि ते सगळं आईच्या जुन्या लाकडी मसाल्याच्या डब्यात बसवलं. ट्रान्झिस्टरच्याच खोक्यात बसवावं असं मनात होतं, पण आजी म्हणाली, "तो उघडायचा नाही." डब्याला दोन बटणं. एक सांगली, एक पुणे. आवाजासाठी एक गोल खुंटी. पहिल्या दिवशी सांगलीचं बटण दाबल्यावर निवेदिकेचा आवाज आला तेव्हा आजीनं डब्याला नमस्कार केला. नंतर वास घेतला आणि म्हणाली, "अजून धण्याचा वास येतोय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा गेला.

आमच्या घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. रेडिओच्या बोलण्या-गाण्याला ६४ केबीपीएस पुरतात. म्हणजे आमच्याकडे गरजेच्या पंधराशे पट मोठा नळ होता आणि त्यातून एक तांब्या पाणी धड निघत नव्हतं. मी ब्रॉडबँडवाल्यांच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलानं शांतपणे सांगितलं, "मॅम, स्पीड टेस्ट करून बघा." केली. ९७ आले. "मॅम, आमच्या बाजूनं सगळं ओके दिसतंय. तुमच्या डिव्हाइसचा प्रॉब्लेम असेल." आई म्हणाली, माझा सिनेमा तर छान चालतो. बाबा म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅप चालतं. घरात एकट्या आजीचंच इंटरनेट खराब होतं.

यामागचं कारण साधं आहे, पण ते घरच्यांना पटवायला मला एक अख्खं जेवण लागलं. सिनेमा आधीच तयार असतो. तुम्ही दहावं मिनिट बघत असता तेव्हा अ‍ॅपनं पुढचं बरंच उतरवून ठेवलेलं असतं. मध्ये मिनिटभर लाइन गेली तरी साठ्यातलं चालू राहतं, कळतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप मिनिटभर उशिरा गेला तर कोणी मोजत नाही. पण थेट रेडिओत पुढचं काही अस्तित्वातच नसतं. निवेदिकेनं अजून न उच्चारलेलं वाक्य आधी उतरवून ठेवता येत नाही. आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवले जातात. हाताशी असतात ते दोन-चार तुकडे. ते संपेपर्यंत लाइन आली नाही तर शांतता. स्पीड टेस्ट म्हणजे नळ दहा-पंधरा सेकंद पूर्ण सोडून बघायचा. दिवसातून बारा वेळा तो मिनिटभर बंद पडतो, हे त्यात दिसणारच नाही.

"म्हणजे जिवंत असेल त्यालाच त्रास," आजी म्हणाली आणि ताक प्यायली.

यावर मी उपाय काढला. त्याचा मला तेव्हा अभिमान होता. रेडिओ जाणूनबुजून तीन मिनिटं मागे चालवायचा. आलेले तुकडे आधी मेमरी कार्डावर साठवायचे आणि तीन मिनिटं जुना झालेला तुकडा वाजवायचा. मध्ये मिनिट-दीड मिनिट लाइन गेली तरी शिल्लक वाजत राहील. एका शनिवारी दुपारी लिहून टाकला. रविवारी सकाळी रेडिओ एकदाही थांबला नाही.

पण रविवारी आजी घड्याळ मिळवते.

तिनं ठोके ऐकले, काटा सरकवला आणि आमच्या घरातलं एकमेव किल्लीचं घड्याळ तीन मिनिटं मागे पडलं. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बाबांची कंपनीची बस चुकली, कारण ते बाहेर पडताना अजूनही त्याच घड्याळाकडे बघतात. मी आजीला सगळं समजावलं. अ‍ॅपवरचा रेडिओसुद्धा थोडा मागेच असतो, आता जरा जास्त मागे आहे, घड्याळ माझ्या मोबाइलवर मिळवत जा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग आता बातम्या शिळ्या काय?" मी म्हटलं, तीनच मिनिटं गं. ती पुढे काही बोलली नाही.

दुसरी अडचण माझ्या उशिरा लक्षात आली. मी साठा केला होता तो आधी आलेल्या तुकड्यांचा. लाइन गेली असताना तिकडे जे तुकडे तयार होत होते त्यांचं काय? सर्व्हरवरच्या यादीत शेवटचे मोजकेच तुकडे असतात, नवीन आला की सर्वांत जुना बाहेर. लाइन वीस सेकंद गेली तर परत आल्यावर राहिलेले तुकडे सापडतात. सव्वा मिनिट गेली तर मधले कायमचे गेले. माझ्या रेडिओला तीन मिनिटांनी त्या जागी खड्डा सापडायचा. थांबायचं नाही असं मीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे तो खड्ड्यावरून उडी मारून पुढचा तुकडा वाजवायचा. गाण्याचा अंतरा गायब व्हायचा. एका वाक्याची सुरुवात दुसऱ्या वाक्याच्या शेवटाला चिकटायची. मला ते चाललं असतं. आवाज थांबत नव्हता ना.

जुलै आला. सांगलीत पाऊस कमी असला तरी पाणी चढतं, कारण ते वरून येतं, कोयना आणि वारणा धरणांतून. धरणातून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट झाली, हे दोन आकडे पावसाळ्यात तिकडच्या प्रत्येक घरात पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आमच्या घराला कितीवर पाणी लागतं ते आजीला पावलापर्यंत ठाऊक आहे. घर बंद होतं, पण तिची भांडी, आजोबांचा फोटो, सगळं तिथेच होतं. शेजारी माझा चुलतकाका, त्याची दोन लहान मुलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीत मीटिंगमध्ये होते. बाहेर रेडिओ चालू होता. निवेदिका विसर्ग सांगत होत्या. "आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी" इथपर्यंत आलं आणि त्याच दमात पुढे "नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावं". मधलं गेलं. किती फूट, कोणत्या भागातल्या नागरिकांनी, सगळं त्या खड्ड्यात.

मी बाहेर आले तेव्हा आजी उभी होती. तिनं काकाला फोन लावला होता आणि तो लागत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिचा हात थरथरत होता, आणि २०१९ मध्ये आमच्या इथल्या घरात आम्ही कसे फोन लावत बसलो होतो ते मला आठवलं. मी लॅपटॉपवर पातळी शोधली. ती इशाऱ्याच्याही खाली होती. निवेदिकेनं बहुधा नदीकाठच्या सखल वस्तीबद्दल सांगितलं असावं. अर्ध्या तासानं काकाचाच फोन आला. तो गोठ्यात होता, मोबाइल घरात.

आजी खुर्चीत बसली. थोड्या वेळानं डब्याकडे बघत म्हणाली, "आधी निदान गप्प बसायचा. आता गाळून सांगतो."

मी त्या रात्री तीन मिनिटांचा उपाय काढून टाकला.

आता खरं कारण शोधणं भाग होतं. खरं तर ते पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. मी दोन साधे प्रोग्रॅम लावले. एक दर सेकंदाला घरातल्या राउटरला हाक मारायचा, दुसरा ब्रॉडबँडवाल्यांच्या बाहेरच्या पहिल्या यंत्राला. दिवसाच्या ८६,४०० हाका. ओ आली की नाही तेवढंच लिहून ठेवायचं. आठवडाभरानं आकडे बघितले. राउटरनं एकदाही चूक केली नव्हती. म्हणजे दोष घराबाहेर. बाहेरच्या यंत्राच्या सुमारे एक टक्का हाका वाया गेल्या होत्या. एक टक्का ऐकायला काहीच नाही, ९९ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. पण दिवसाचा एक टक्का म्हणजे साडेचौदा मिनिटं. ती रात्री तीन वाजता विखुरलेली नव्हती. मिनिट-सव्वा मिनिटाच्या गठ्ठ्यांनी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर यायची, नेमकी आजी रेडिओ ऐकते तेव्हा.

मी हा आलेख पडद्यावर मोठा करून बघत होते. आजी चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"मी तुला कवाच सांगितलंय की," ती म्हणाली. "मोटर लागली की जातो."

तिनं खरंच सांगितलं होतं. एकदा नाही, तीन-चारदा. तिची खोली पंपाच्या बाजूला आहे. सात मजले खाली मोटर सुरू झाली की तिला गुरगुर ऐकू येते, मला येत नाही. मी तेव्हा हसून म्हटलं होतं, "आजी, पाण्याचा आणि इंटरनेटचा काय संबंध?" माझ्या आवाजात बहुतेक तोच शांतपणा असेल जो त्या ग्राहक सेवेच्या मुलाच्या आवाजात होता. आमच्या बाजूनं सगळं ओके दिसतंय.

ऑफिसात आम्ही काही तक्रारी एका ठरलेल्या शेऱ्यानं बंद करतो: आमच्याकडे हा दोष पुन्हा घडवून बघता आला नाही. हा शेरा मी किती वेळा लिहिलाय ते मोजलेलं नाही. त्या तक्रारींत अशी वाक्यं असतात, 'मी दुसरी खिडकी उघडली की होतं', 'सोमवारीच होतं'. वाचताना वाटतं, यांना कारण आणि योगायोग यातला फरक कळत नाही. मला तो शिकवलाय म्हणून कळतो, असं मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन आजीच्या खोलीच्या खिडकीत बसले. मोटर लागली की आजी बोट वर करायची, मी वेळ लिहायचे. दुपारपर्यंत मोटर सात वेळा लागली. टाकी ठरावीक पातळीखाली गेली की ती आपोआप सुरू होते, म्हणून सगळे आंघोळीला जातात तेव्हा जास्त. नोंदी ताडून बघितल्या. सातपैकी सहा वेळा मोटर लागल्यावर दोन-तीन सेकंदांत लाइन गेली होती.

कागदावर हे सगळं लिहून मी ब्रॉडबँडवाल्यांना पाठवलं आणि चौथ्या दिवशी एक मुलगा आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पाठीला सॅक, त्यात वायरची भेंडोळी. त्यानं नेहमीप्रमाणे राउटर बदलायची तयारी केली. मी म्हटलं, आपण आधी खाली जाऊ. पार्किंगमध्ये, पंपाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांची पत्र्याची पेटी होती. आमच्या अख्ख्या विंगच्या वायरी तिथल्या एका स्विचमध्ये येतात. पेटीला वीज कुठून? पंपाच्या स्टार्टरशेजारच्या बोर्डावरून. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेव्हा त्या लायनीवरचा व्होल्टेज खाली बसतो. मोटरला त्याचं काही नाही, दिवे एकदा मिचकावतात. पण पेटीतला जुना अडॅप्टर तेवढ्यानंही धापकन पडायचा, स्विच बंद होऊन परत सुरू व्हायचा आणि त्याला उठून उभं राहायला मिनिटभर लागायचं.

आम्ही मोटर हातानं चालू करून बघितली. पेटीतले हिरवे दिवे सगळे एकदम विझले. मुलगा म्हणाला, "ताई, हे मला कोणी सांगितलंच नाही. तक्रारीत फक्त 'स्लो' असं येतं."

अडॅप्टर बदलायला कंपनीकडून मंजुरी लागणार होती. मी थांबले नाही. स्विचला पुरेल असा छोटा बॅटरीचा खोका मी माझ्या पैशानं आणला, सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढली आणि त्याच मुलानं तो पेटीत बसवून दिला. चहाला वर आला तेव्हा आजीनं त्याला गाव विचारलं. तो तासगावचा निघाला. मग अर्धा तास द्राक्षं.

सकाळचा रेडिओ आता जात नाही. आमच्या विंगमधल्या अठ्ठावीस घरांचं इंटरनेटही जात नाही, पण ते आधी जात होतं हेच त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे कोणी काही म्हणालं नाही.

रात्रीचं मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. आठ ते साडेदहा हाका अधूनमधून वाया जातात, आणि ते मोटरमुळे नाही. मला दिलेल्या १०० एमबीपीएससारखीच वचनं त्याच वायरीवर आणखी बऱ्याच घरांना दिलेली आहेत आणि रात्री सगळे ती एकदमच मागायला येतात. गर्दीत काही पाकिटं गळतात. एक गळालं की ते पुन्हा मागवून हातात पडेपर्यंत मागची सगळी खोळंबतात. ते माझ्या हातात नाही. कनेक्शन बदलायचा विचार चालू आहे.

मधल्या काळात मी आजीला विचारलं होतं, रात्रीपुरतं ते तीन मिनिटं मागे ठेवायचं परत करू का? आता खड्डे छोटे आहेत, गाळणार नाही, न थांबता चालेल. ती नको म्हणाली. "थांबला तर थांबू दे. थांबला म्हणजे कळतं की राहिलंय काहीतरी."

तेव्हा आता आमच्याकडे असं आहे. पावसाळ्यात रात्री पातळी सांगताना रेडिओ थांबला, तर आजी हाक मारते. मी लॅपटॉपवर आकडा बघून तिला सांगते. ती तो कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिते आणि तरीही काकाला फोन करून विचारते. आकडे जुळले की झोपायला जाते.

काल रात्री जुनी नाट्यगीतं लागली होती. एका लांब तानेच्या मध्ये तो थांबला. मी सवयीनं खुर्ची मागे सरकवली. बाहेरून आवाज आला, "उठू नकोस गं. येईल."

मी बसून राहिले. आम्ही दोघी आपापल्या खोलीत काही सेकंद काहीच न ऐकता बसलो. मग तान पुढे कुठेतरी सुरू झाली.

"आला," आजी म्हणाली.